धोंड्याची दुर्बीण

शनिवारी दुपारी साडेचार वाजता औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या गच्चीवर शेंद्रा गावच्या तात्यासाहेबांनी एक दुर्बीण नापास केली. दुर्बिणीत दोष नव्हता. तिच्यातून गोगाबाबाच्या टेकडीवरचं देऊळ उलटं दिसत होतं, एवढंच.

तात्यासाहेबांनी डोळा बाजूला घेतला, उपरण्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. टेकडी वर होती, आभाळ खाली होतं आणि पांढरं देऊळ कळस खाली करून लोंबकळत होतं.

"ही खराब हाय," ते म्हणाले.

"खराब नाही काका," दुकानाची मालकीण मेघा म्हणाली. "या जातीच्या दुर्बिणी असंच दाखवतात."

"उलटं?"

"उलटं."

"आन तरी इकता?"

मेघाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. शाळांना परीक्षानळ्या आणि लोहचुंबक पुरवणारं हे दुकान तिच्या वडिलांचं. दुर्बिणी तिनं आणल्या होत्या. त्या घ्यायला येणारे बहुतेक जण फोनवर काहीतरी बघून आलेले असत आणि तिलाच शिकवत. धोतर-टोपीतलं, बायकोला बरोबर घेऊन आलेलं आणि दुर्बिणीला चहूबाजूंनी फेरी मारणारं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"बाई, हे धोंड्याचं वाण हाय," तात्यासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "जावयाच्या हातात द्यायचंय. कळस खाली दाखवणारं वाण म्या जावयाला दिऊ व्हय?"

अधिक महिना लागून आठवडा होत आला होता. तीनेक वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि जावयाच्या हातात वाण ठेवायचं, ही घरोघरची रीत. कुणी चांदीचं निरांजन देतं, कुणी तांब्याचं ताट, कुणी अंगठी. तात्यासाहेबांच्या एकुलत्या एका लेकीचं, संस्कृतीचं लग्न मागचा अधिक सरल्यावर झालेलं, त्यामुळे जावयाचा हा पहिलाच अधिक. आणि हा जावई म्हणजे तात्यासाहेबांच्या जिवाला लागलेला घोर होता, कारण तो काही घेतच नसे.

विश्वजित पैठणचा, बँकेत नोकरीला. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. लग्नाच्या बोलण्यात त्यानं हसत हसत सांगून टाकलं होतं, "आमच्या घराण्यानं आजवर घेऊन घेऊन खाल्लं. माझ्यापासून घेणं बंद." तात्यासाहेबांना वाटलं, पोरगा बोलण्यात गोड आहे, नंतर घेईल. लग्न रजिस्टर झालं. पहिल्या दिवाळीला दिलेली अंगठी त्यानं दोन्ही हातांनी, वाकून नमस्कार करून परत केली. दुसऱ्या दिवाळीला सुटाचं कापड दिलं, ते ठेवून घेतलं. तात्यासाहेब आठवडाभर खुशीत होते. मग संक्रांतीला विश्वजित आला तो शिवलेला सूट घेऊन. सूट तात्यासाहेबांच्या मापाचा होता.

तो सूट अजून कपाटात होता आणि गावाला ठाऊक होता. गावाला ठाऊक असायला चुलतभाऊ पुंजाराम पुरेसा होता. गावातल्या कुणाच्याही लग्नात तात्यासाहेबांचा आहेर मोठा असे. पुंजाराम चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारी, "तात्या, औंदा जावयाला काय घातलं?" आणि तात्यासाहेब चहा गरम असल्याचं निमित्त करून बशीत फुंकर मारत बसत.

अशात पंधरवड्यापूर्वी विश्वजितचा स्वतःहून फोन आला. "तात्या, अधिकात तुम्ही काहीतरी आणणारच. मग द्यायचंच असेल तर दुर्बीण द्या. आकाश बघायची. साधी, शिकाऊ माणसाची." तात्यासाहेबांनी फोनचा आवाज मोठा केला आणि बायकोला, मनकर्णाबाईंना ऐकू जावं म्हणून जावयाला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

म्हणून चुकून चालणार नव्हतं. वस्तू बिघडलेली निघाली, तर हा पोरगा गोड बोलून परत करणार. मग पुढचा अधिक तीन वर्षांनी.

तात्यासाहेबांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण वस्तू घ्यायची त्यांची पद्धत बैलाचीच राहिली होती. फ्रिज घेताना त्यांनी दार उघडून आत डोकं घालून बघितलं होतं. मेघानं गच्चीवर तीन दुर्बिणी मांडल्या, तेव्हाही ते आधी हात मागं बांधून फिरले. मग पहिलीपाशी थांबले.

ही पहिली दिसायला देखणी होती. लांबसडक पांढरी नळी, उंच चकचकीत तिवई, आणि खोक्यावर रंगीत तारकांचे भोवरे छापून "पाचशे पट मोठे" असं लिहिलेलं. तिच्यातून देऊळ सुलटं दिसलं. तात्यासाहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी सवयीनं तिवईचा एक पाय धरून हलवला, आणि डोळा लावलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "अगं बाई, देऊळ नाचायलं."

"पाय लटपटत्यात हिचे," तात्यासाहेब म्हणाले. "उभी ऱ्हाताना कापती, ती कामाला काय टिकंल."

"बरोबर पकडलंत," मेघा म्हणाली. "वाऱ्याची झुळूक आली तरी चंद्र नाचेल. आणि ते पाचशे पट विसरा. मोठं करायला काय, काहीही करता येतं. पण उजेडच कमी आत आला, तर मोठं झालेलं सगळं धुरकट दिसणार. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल?"

"परातीत."

"मग दुर्बिणीचं तोंड बघायचं. लांबी नाही, पट नाही. तोंड रुंद आणि बैठक घट्ट."

दुसरी दुर्बीण मोटार लावलेली होती. बटण दाबलं की ग्रह ती स्वतःच शोधे. तात्यासाहेबांनी तिला फारसा वेळ दिला नाही. "समदं हीच करणार, मग जावयानं काय करायचं?"

तिसरी म्हणजे ही उलटी. आखूड, जाडजूड, काळी नळी, लाकडी पाटावर बसवलेली, आणि पाट स्टुलावर ठेवलेला. तोंड तांब्याच्या तोंडाहून रुंद. नळीच्या तळाशी आरसा, आणि डोळा लावायचा तो टोकाला नाही तर बाजूला. तात्यासाहेबांनी पाट हलवून बघितला. हलला नाही. नळी बोटानं ढकलली, ती लोण्यासारखी फिरली आणि जिथं सोडली तिथं थांबली. देवळाची पायरीन् पायरी स्वच्छ दिसत होती. वर.

"समदं चांगलं हाय," तात्यासाहेब हळहळले. "बैल कसा घ्यावा तशी हाय. पण शिंगं खाली आन शेपूट वर."

"काका, चंद्राला वर-खाली कुठलं? तिकडं उभं राहून कोण बघतंय?"

"मला ठाऊक हाय की. पण द्यायचा मान असतो बाई."

इतका वेळ मनकर्णाबाई पांढरी आणि काळी अशा दोन्ही दुर्बिणी निरखत होत्या. त्यांनी पहिलीच्या टोकावर बोट वाजवलं. टकटक झालं. मग त्या तिसरीपाशी गेल्या आणि तिच्या तोंडात डोकावल्या.

"अहो, हिकडं या," त्या म्हणाल्या. "त्या पांढरीला फुडून काच लावलीय. बंद हाय ती. ही बघा, मोकळी."

"मग?"

"मग काय मग. अधिकाचं वाण जाळीचं असतं. अनारसा का देतोत? बत्तासा का देतोत? भोकं असत्यात म्हणून. बंद वस्तू वाणाला चालत नाय. ह्या काळीला भोक हाय."

मेघानं दुर्बिणी विकताना आरसा, भिंग, बैठक, तोंडाचा व्यास असं बरंच काही समजावून सांगितलं होतं. हा मुद्दा तिच्या कधी डोक्यात आला नव्हता. तिनं गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. "काकू म्हणतात ते खरंय. हिला तोंडाशी काच नसते."

"पण कळस," तात्यासाहेब म्हणाले.

"जावई काय देऊळ बघायला मागायलेत का? देवळात पायानं जातील की."

तात्यासाहेबांनी एकदा टेकडीकडे नुसत्या डोळ्यानं पाहिलं. देऊळ आपल्या जागी सुलटं उभं होतं. हे बघून त्यांना थोडा धीर आला असावा. ते मेघाला म्हणाले, "बांधा. पण जावयाला म्या पयल्यांदा चंद्रच दावणार. घरं-देवळं नको."

मेघानं आणखी दोन गोष्टी बजावल्या. सूर्याकडे ही कधीही फिरवायची नाही, डोळा कायमचा जाईल. आणि आरशाला हात लावायचा नाही, धूळ बसली तरी पुसायचा नाही. दुसरी सूचना मनकर्णाबाईंना पटली नाही.

रविवारी दुपारी शेंद्र्यात धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, आमटी, कुरडया. विश्वजित जेवायला कधी लाजत नसे. घेणं बंद होतं ते वस्तूंचं, धोंड्यांचं नव्हे. चौथा धोंडा संपवून तो म्हणाला, "तात्या, आता मला उचलूनच न्यावं लागेल."

"उचलायचं तर तुमाला हाय आज," तात्यासाहेब म्हणाले आणि आत गेले.

ऐन वेळेला पुंजाराम दारात उभा राहिला. त्याला पाना हवा होता. भर दुपारी, रविवारी, नेमका वाणाच्या वक्ताला त्याला पाना का हवा होता, हे कुणी विचारलं नाही. तात्यासाहेबांना उलट बरंच वाटलं. साक्षीदार आपल्या पायानं आला होता.

"बस पुंजाराम. वाण द्यायचंय, ते झालं की देतो पाना."

मनकर्णाबाईंनी लेक-जावयाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पितळी ताटात तेहतीस अनारसे आणि तेवता दिवा ठेवला. तात्यासाहेब जरीच्या टॉवेलात गुंडाळलेली जाड नळी दोन्ही हातांवर तोलत बाहेर आले.

"हे काय, बोअरचा पाईप?" पुंजारामनं विचारलं.

"दुर्बीण हाय. आभाळ बघायची."

"आभाळात काय हाय बघायला?"

"तुला नाय दिसायचं."

विश्वजितनं दोन्ही हात पुढं केले. तात्यासाहेबांनी दुर्बीण त्या हातांवर ठेवली आणि क्षणभर आपले हात खालीच ठेवले, परत आलीच तर झेलायला. आली नाही. विश्वजितनं ती मांडीवर घेतली आणि म्हणाला, "चांगली जड आहे."

"घेतली," तात्यासाहेब पुंजारामकडे बघत म्हणाले.

"व्हय, बघितलं की," पुंजाराम म्हणाला. "पाना दे आता."

दिवस मावळल्यावर सगळे स्लॅबवर गेले. पुंजाराम पाना घेऊन कधीच गेला होता. घराच्या एका अंगाला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे दिवे पेटलेले, पण शेताकडची बाजू अंधारी होती. पश्चिमेला शुक्र ठळक दिसत होता, त्याच्या वरच्या अंगाला गुरू, आणि डोक्यावर अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र. विश्वजितनं पाट स्टुलावर ठेवला, दुर्बीण बसवली, बाह्या वर सारल्या आणि तो नळीच्या तोंडात डोकावला.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "माझंच नाक दिसतंय."

"तिकडून नाही रे, बाजूनं," संस्कृती म्हणाली.

"बाजूनं कसं? आभाळ समोर आहे."

तात्यासाहेब कठड्याला टेकून बघत होते. मेघानं शिकवलेलं त्यांना आठवत होतं, पण जावयाला सांगणं बरं दिसलं नसतं. विश्वजित बाजूला आला, डोळा लावला, नळी फिरवली. कारखान्याचा दिवा सापडला. मग अंधार. मग दुसरा कारखाना.

"सरक," संस्कृती म्हणाली.

तिनं वाकून नळीच्या पाठीवरून चंद्राचा नेम धरला. एक डोळा मिटला, दुसरा बाजूच्या भिंगाला लावला, डाव्या हाताची दोन बोटं नळीवर ठेवली आणि उजव्या हातानं एक चाक अगदी हळू फिरवलं. विहिरीवरची मोटार चालू करताना तात्यासाहेबांचा हात चालावा, तसं तिनं हे सगळं केलं.

"या तात्या," ती म्हणाली.

तात्यासाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पाहिलं. आधी नुसता उजेड. मग तो उजेड स्थिरावला. चंद्र एवढा मोठा, की त्याचा काठ भिंगात मावत नव्हता. आणि तो गुळगुळीत नव्हता. जिथं उजेड संपून काळोख लागत होता, तिथं सगळीकडे गोल गोल खळगे, लहान, मोठे, एकात एक, प्रत्येकाच्या एका कडेला सावली.

ते डोळा काढेनात, तशी मनकर्णाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अनारसाच हाय की. जाळी बघा कशी पडलीय."

"आई, ते खळगे आहेत. दगड आदळून पडलेले."

"पडले असतील. पण जाळी चांगली पडलीय. तूप जास्त तापलं की अशी पडत नाय."

संस्कृती हसत हसत खाली बसली. विश्वजितनंही पाहिलं, आणि "खरंच अनारसा" असं म्हणून सासूची बाजू घेतली. मग संस्कृतीनं गुरू लावून दिला. एक पिवळसर गोल टिकली, आणि तिच्या दोन्ही अंगांना एका ओळीत चार ठिपके.

"हे त्याचे चंद्र," ती म्हणाली. "रोज जागा बदलतात. आज असे आहेत, उद्या वेगळे दिसतील."

"तुला काय ठाऊक?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"वाचते ना. कधीची वाचतेय." मग ती उत्तरेकडे बघत म्हणाली, "तात्या, तुमची बाज बघा."

सप्तर्षी वर आले होते. रातपाळीची लाइट असली की तात्यासाहेब पाणी धरायला शेतावर जात आणि लहानगी संस्कृती हट्टानं बरोबर येई. बांधावर घोंगडी टाकून तिला निजवायचं, तर ती झोपत नसे. वर काय काय आहे ते विचारत राही. त्यांना फार ठाऊक नव्हतं. ती चार चांदण्यांची बाज म्हातारीची, आणि ते मागचे तीन चोर, बाज पळवायला टपलेले. एवढंच सांगत. ती विचारी, मग म्हातारी उठत का नाही? तात्यासाहेब म्हणत, तू झोप, म्हणजे ती उठंल.

आता मात्र त्यांच्या मनात दुसरंच चक्र फिरायला लागलं. त्यांनी जावयाकडे बघितलं. जावई कठड्यावर बसून मजेत अनारसा खात होता. लेकीनं सरकवल्यापासून दुर्बिणीजवळ गेला तो दोनदाच, तेही कुणी बोलावलं म्हणून. गुरूचे चंद्र बघून त्यानं "छान" म्हटलं होतं, जसं कुणी दुसऱ्याच्या पोराचं प्रगतिपुस्तक बघून म्हणतं. आणि लेक पाटापासून हलायला तयार नव्हती.

तात्यासाहेब पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेले आणि त्यांनी बायकोला खूण केली.

"ही दुर्बीण जावयाला नकोच होती," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हिला पायजे होती. त्यानं नाव आपलं लावलं."

"मग?"

"मग काय मग? तुला ठाऊक होतं?"

"पोरीनं दोन वर्सांखाली मला सांगितलं होतं, दुर्बीण घ्यायची म्हणून. पैसे साठवायली म्हणाली."

"मला कामून सांगितलं नाय?"

"तुमी इचारलं का? तुमी जावयाला काय पायजे तेच इचारत होते."

तात्यासाहेबांना राग आला होता, पण तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. पोरगं पुन्हा निसटलं होतं, सुटाच्या वेळेसारखंच. मात्र या वेळी ते निसटून ज्या बाजूला गेलं होतं, त्या बाजूला आपलीच लेक एक डोळा मिटून उभी होती, आणि आपल्याला मनातून हसू येतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते हसू बायकोला दिसू दिलं नाही.

ते जावयाजवळ जाऊन बसले. "जावईबापू, खरं सांगा. हे वाण तुमी घेतलं का तिनं घेतलं?"

विश्वजितनं बोटाला लागलेली खसखस झटकली. "हात कुणाचे पुढं झाले होते?"

"तुमचे."

"मग?"

"हात तुमचे होते. मन कुणाचं होतं?"

"तात्या, लग्न लावून दिलंत तेव्हा असं वेगवेगळं मोजून दिलं होतं का?"

"लग्नात म्या काय दिलंच नाय. तुमीच घेतलं नाय."

"मग आज घेतलं म्हणा," विश्वजित म्हणाला. ते म्हणतानाचा त्याचा चेहरा तात्यासाहेबांना नीट दिसला नाही. चंद्र त्याच्या पाठीमागं होता.

इथवर निभलं होतं. खरी अडचण निघताना आली. दुर्बीण टॉवेलात गुंडाळून खाली आणली, गाडीची डिकी उघडली, आणि संस्कृती म्हणाली, "हिला घेऊन जायचं कुठं? आपल्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरी टाकीपाशी कुणाला जाऊ देत नाही. आणि सिडकोत दिव्यांपुढं चांदण्या दिसतात कुठं."

"गॅलरीतून?"

"गॅलरीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसेल. उलटं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग विश्वजित अगदी सहज म्हणाला, "मग इथंच राहू दे. आम्हीच येत जाऊ, रविवारी रविवारी."

मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला. लेक-जावई आजवर सणाला येत, तेही वस्तीला न राहता. तात्यासाहेब मात्र डिकीचं झाकण धरून उभेच राहिले. विश्वजितनं टॉवेलातली दुर्बीण दोन्ही हातांवर घेतली आणि अदबीनं त्यांच्या हातांवर ठेवली. अनारसे आणि दिवा गाडीत गेले. दुर्बीण घरात आली.

सोमवारी सकाळी टपरीवर पुंजारामनं सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, दुर्बीण गेली का शहरात?"

"नाय. घरीच हाय."

"म्हंजे परत केली?"

"परत नाय केली. ठिवलीय."

"कुणी ठिवली? त्यांनी तुमच्याकडं, का तुमी तुमच्याकडं?"

तात्यासाहेबांनी बशीत चहा ओतला. "चहा लई गरम हाय आज," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुर्बीण दिवाणावर जरीच्या टॉवेलाखाली होती. तात्यासाहेब दोनदा तिच्याजवळ गेले आणि दोनदा परतले. दिलेलं वाण देणाऱ्यानं वापरायचं नसतं. वापरलं, तर ते दिलं नाही असं होतं. मनकर्णाबाईंनी मात्र हात पुसले, शेजारच्या पोरींना हाक मारून पाट वर न्यायला लावला आणि चंद्र लावला. पहिल्या खेपेला त्यांना अर्धी घटका लागली, पण लावला.

"जावयाची वस्तू हाय ती," तात्यासाहेब म्हणाले.

"मी लेकीची बघायले," त्या भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या. "तुमी तुमचं बघा."

तात्यासाहेब शेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"काल जिथं काळं होतं तिथं आज उजेड आलाय. नवी जाळी दिसायली. लई बारीक."

मंगळवारीही तेच झालं. बुधवारी सकाळी विश्वजितचा फोन आला. रविवारी संध्याकाळी दोघं येतायत, आणि या वेळी मुक्कामाला, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून ठेवा तात्या. आरशावर धूळ बसते म्हणे."

तात्यासाहेबांनी विचार केला. हे बोलणं मालकाचं होतं, का पाहुण्याचं? मालकाचं असेल तर वाण पोचलं. पाहुण्याचं असेल तर सूट, अंगठी आणि दुर्बीण एकाच कपाटात. त्यांनी सरळ विचारायचं ठरवलं, पण आडवाटेनं.

"जावईबापू, एक इचारू का? मी बघितलं तर चालंल का तिच्यातून?"

"तुमचीच आहे" असं तो म्हणाला असता, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. "बघा की, माझी काही हरकत नाही" म्हणाला असता, तर तात्यासाहेब तसेच टपरीवर गेले असते.

"थांबा हं," विश्वजित म्हणाला. "संस्कृतीला विचारून सांगतो."

आणि त्यानं फोन ठेवला. बुधवारी संध्याकाळी मनकर्णाबाई चंद्र बघून खाली उतरल्या, तोवर तिकडून निरोप आलेला नव्हता. दुर्बीण शेंद्र्यातच आहे, तोंडावर झाकण लावून. अधिक महिना संपायला अजून अवकाश आहे.